चार टी आणि तीन आकडे: आकड्यांची चौकट व आकारांची मांडणी एकत्र आणणारं कोडं

गणितवेडी (धागाकर्ती)

सुडोकूवर इथे अधूनमधून धागे निघतात. पेंटोमिनोचे, म्हणजे पाच-पाच चौरस घरं जोडून केलेले, तुकडे घेऊन बसणारेही आपल्यात बरेच आहेत. पण हे दोन्ही एकाच चौकटीत आणणाऱ्या कोड्यांवर सलग चर्चा झालेली मला आठवत नाही, म्हणून हा धागा.

आकारांची बाजू जुनी आहे. इंग्लंडच्या हेन्री ड्यूडनी यांनी १९०७ साली बुद्धिबळाचा पट फुटून त्याचे तेरा तुकडे झाल्याचं कोडं रचलं. बारा तुकडे पाच-पाच घरांचे, एक चार घरांचा, आणि पट पुन्हा जुळवायचा. १९५३ मध्ये हार्वर्डला शिकणाऱ्या सॉलोमन गोलोम यांनी चौरस घरं जोडून बनणाऱ्या आकारांच्या या सगळ्या कुळाला पॉलिओमिनो हे नाव दिलं. आकड्यांची बाजू आपल्या जास्त ओळखीची. आज ज्याला सुडोकू म्हणतात ते हॉवर्ड गार्न्स या अमेरिकन वास्तुरचनाकाराचं कोडं १९७९ मध्ये डेलच्या मासिकात 'नंबर प्लेस' नावाने आलं. १९८४ मध्ये जपानच्या निकोली या कोडी छापणाऱ्या प्रकाशनसंस्थेने ते उचललं आणि नोव्हेंबर २००४ पासून लंडनच्या 'टाइम्स'ने छापायला घेतल्यावर ते जगभर गेलं.

दोन्हींचं मिश्रण करणारी कोडी भरपूर आहेत, पण त्यातली बरीचशी मला पटत नाहीत. आधी आकार बसवा, ते बसले की आकडे भरा, अशी ज्यांची रचना असते ती खरं तर एका पानावर छापलेली दोन कोडी. मला हवं असतं ते असं कोडं, ज्यात नुसत्या आकड्यांनी गाडी अडते, नुसत्या आकारांनीही अडते, आणि एकाकडची माहिती दुसऱ्याकडे नेल्याशिवाय पुढचं घर भरतच नाही. एका गोष्टीवर माझा ठाम विश्वास आहे: मिश्र कोड्याचा कस त्या देवाणघेवाणीत लागतो. चौकट किती मोठी आणि नियम किती, याला फार महत्त्व नाही.

म्हणून मुद्दाम लहानात लहान चौकट घेऊन एक कोडं रचलंय.

४×४ ची चौकट आहे. तिचे चार टी-तुकडे करायचे. टी म्हणजे सरळ तीन घरांची दांडी आणि तिच्या मधल्या घराला चिकटलेलं एक घर, त्याला शेंडी म्हणू. टी कसाही फिरवलेला चालेल. प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या ओळीत आणि प्रत्येक टीमध्ये १, २, ३, ४ हे आकडे एकेकदाच यायला हवेत. टी कुठे आहेत ते दिलेलं नाही. दिलेले आकडे फक्त तीन:

_ _ _ १
४ _ _ _
_ _ _ _
३ _ _ _

उत्तर एकच आहे आणि ते अंदाजपंचे न करता, निव्वळ तर्काने निघतं. घरांचा उल्लेख करताना आधी आडवी ओळ, मग उभी असं लिहूया. म्हणजे १ आहे तो १-४ मध्ये, ४ आहे तो २-१ मध्ये आणि ३ आहे तो ४-१ मध्ये.

दुपारचा_चहा

ताई, कोडं वहीत उतरवून घेतलं. एक शंका आहे. चारही तुकडे टीच का? चार घरांचे आकार पाच असतात ना: सरळ पट्टी, चौरस, टी, एल आणि एस. त्यातले चार वेगवेगळे घेतले असते तर कोडं जास्त रंगलं असतं असं वाटतं.

गणितवेडी

छान प्रश्न. माझ्याही मनात पहिल्यांदा तेच आलं होतं. पण ४×४ च्या चौकटीत चार वेगवेगळे आकार बसतच नाहीत. का बसत नाहीत, हे कुणी सांगतंय का? इथे दोन-तीन शिक्षक आहेत, त्यांच्यासाठी सोडते.

पाटीपेन्सिल

मी प्राथमिक शाळेत शिकवतो. हे पाच आकार जाड पुठ्ठ्याचे कापून वर्गात ठेवलेत. चौकटीच्या वहीतलं घर जेवढं असतं त्याच्या चौपट घर घेतलं की चौथीच्या मुलांच्या हाताला बरोबर बसतात.

अर्धं उत्तर माझ्याकडून. पट बुद्धिबळासारखा काळा-पांढरा रंगवा. सरळ पट्टी, चौरस, एल आणि एस कुठेही ठेवा, ते दोन काळी आणि दोन पांढरी घरं झाकतात. टी एकटाच तीन आणि एक असा झाकतो. ४×४ मध्ये काळी आठ, पांढरी आठ. तेव्हा एकच टी घेतला तर हिशेब कधीच जुळणार नाही. चार वेगवेगळे आकार हवे असतील तर टी बाहेर ठेवायलाच लागतो.

याच कारणाने पाचही आकार मिळून वीस घरं होत असूनही त्यांचा ४×५ चा आयत होत नाही. मुलं आधी भरपूर खटपट करतात. मग त्यांना रंगीत खडूने पट रंगवायला सांगायचं. मोजल्यावर एखादी मुलगी स्वतःहून म्हणते, 'सर, हा टीच खोडी करतोय.' सिद्धता म्हणजे काय हे समजावायला मला याच्याइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. सूत्र लागत नाही, बीजगणित लागत नाही, आणि तरी 'जमलं नाही' आणि 'जमूच शकत नाही' यातला फरक दहा वर्षांच्या मुलाला कळतो.

कोकणकडा

उरलेलं अर्धं मी पुरं करतो. आता पट्टी, चौरस, एल आणि एस हे चारच आकार हाती आहेत.

पट्टी पूर्ण ओळ व्यापते. ती मधल्या ओळीत ठेवली तर एका बाजूला एकच ओळ सुटी राहते आणि तिथे दुसरी पट्टीच लागते. म्हणून पट्टी कडेला. राहिला ३×४ चा आयत आणि त्यात चौरस, एल, एस.

चौरस कोपऱ्यात ठेवा. त्याच्या खालच्या दोन घरांना बाहेर पडायला एकच वाट उरते, त्यामुळे तिथला तुकडा सरळ तीन घरं तरी जातोच. म्हणजे तो पट्टी किंवा एल. पट्टी तर वापरून झाली. एल घेतला तर उरलेला तुकडाही एलच निघतो. चौरस लांब बाजूच्या मध्यावर ठेवला तर दोन्हीकडे एल. एसला जागा कुठेच नाही.

काम संपलं. टी बाहेर ठेवायचं कारण रंगांनी दिलं आणि एसचं कारण जागेने, हे मला फार आवडलं.

सांजवारा

मी अडकले आहे. पहिल्या उभ्या ओळीत ४ आणि ३ आहेत, म्हणजे १ आणि २ राहिले. वरच्या ओळीत १ आधीच आहे, म्हणून १-१ मध्ये २ आणि ३-१ मध्ये १. इथपर्यंत सरळ सुडोकू. पुढे काहीच हलत नाही. टीच माहीत नसतील तर त्यांचा नियम लावायचा कसा?

गणितवेडी

सांजवारा, अगदी योग्य जागी अडकलीस. नुसते आकडे तिथेच संपतात. आता आकडे बाजूला ठेव आणि रिकाम्या ४×४ मध्ये चार टी किती प्रकारे बसतात ते बघ. कोपऱ्यापासून सुरुवात कर.

सांजवारा

कोपऱ्यात शेंडी येऊ शकत नाही, दांडी चौकटीबाहेर जाईल. म्हणजे प्रत्येक कोपऱ्यावर एखाद्या दांडीचं टोक. दांडी तीन घरांची आणि बाजू चार घरांची, म्हणून एका टीकडे एकच कोपरा. वरचा डावा टी आडवा असेल तर वरच्या ओळीतलं चौथं घर एकटं पडतं, मग उजवा वरचा टी उभाच. तो उभा तर खालचा उजवा आडवा. असं गोल फिरत जातं. भिंगरीसारखं!

मग प्रकार दोनच की. एक भिंगरी आणि तिचं आरशातलं रूप.

गणितवेडी

शाब्बास! दोनच. आता शेंड्यांकडे बघ.

बारीकसारीक

(पुढे पूर्ण उत्तर आहे. स्वतः सोडवायचं असेल त्यांनी हा प्रतिसाद ओलांडून जावा.)

वरचा डावा टी आडवा आहे असं धरू. त्यात १-१, १-२, १-३ आणि शेंडी २-२. आता पहिली आडवी ओळ बघा. तिच्यातही १-१, १-२, १-३ आहेत आणि चौथं घर १-४. टीमध्ये चार वेगळे आकडे, ओळीतही तेच चार. तीन घरं दोन्हींकडे सारखीच, म्हणून चौथंही सारखंच हवं. याचा अर्थ शेंडीतला आकडा आणि दांडीच्या पुढच्या कोपऱ्यातला आकडा एकच. इथे २-२ म्हणजेच १-४.

असं चारही टींना लागू होतं. मधली चार घरं या चार शेंड्या आहेत, तेव्हा मधला चौक चार कोपऱ्यांची नक्कल करतो. कुठलं मधलं घर कुठल्या कोपऱ्याची, हे भिंगरीच्या दिशेवर ठरतं.

आता आकडे लावू. वरचा डावा टी उभा असेल तर २-२ मध्ये ४-१ चा ३ येतो आणि ३-३ मध्ये १-४ चा १ येतो. पण सांजवाराने काढलंय की ३-१ मध्ये १ आहे. तिसऱ्या ओळीत दोन १ झाले, म्हणजे ही दिशा बाद. टी आडवाच.

मग २-२ मध्ये १, ३-३ मध्ये ३ आणि ३-२ मध्ये १-१ चा २. तिसरी ओळ १ २ ३ ४. दुसऱ्या ओळीत २ आणि ३ राहिले. तिसऱ्या उभ्या ओळीत ३ आलेला आहे, म्हणून २-३ मध्ये २ आणि २-४ मध्ये ३. मग ४-४ मध्येही २. बाकीचं आपोआप पडतं:

२ ३ ४ १
४ १ २ ३
१ २ ३ ४
३ ४ १ २

मला यातली एक पायरी थांबून पाहाविशी वाटली. ३-१ मधला १ निव्वळ आकड्यांनी मिळाला. त्याने भिंगरीची दिशा ठरवली, म्हणजे आकार ठरवला. आणि त्या आकाराने मधले आकडे दिले. गणितवेडी धाग्याच्या सुरुवातीला ज्या देवाणघेवाणीबद्दल बोलली ती हीच.

उंबरठा

मी प्रोग्राम लिहून सगळं तपासलं. ४×४ चे लॅटिन चौरस, म्हणजे ओळींचे दोन नियम पाळणाऱ्या चौकटी, एकूण ५७६. त्यातल्या १४४ चौकटी चार टींमध्ये कापता येतात, बरोबर एक चतुर्थांश. या १४४ पैकी ४८ दोन्ही दिशांनी कापता येतात. समोरासमोरचे कोपरे दोन्ही जोड्यांत सारखे असले की असं होतं. उरलेल्या ९६ एकाच दिशेने. गणितवेडीच्या कोड्यात समोरासमोरच्या १-४ आणि ४-१ मध्ये वेगळे आकडे दिलेत, म्हणून ते या ९६ पैकीच असणार हे दिलेल्या आकड्यांवरूनच कळतं. रचना विचारपूर्वक केलेली आहे.

दुसरं म्हणजे, तीनपेक्षा कमी आकडे देऊन हे कोडं एकमेव उत्तराचं होऊच शकत नाही. दोनच आकडे दिले तर निदान दोन अंक चौकटीत कुठेच दिसत नाहीत. उत्तरात त्या दोघांची अदलाबदल केली तरी सगळे नियम पाळले जातात, म्हणजे दुसरं उत्तर तयार. तेव्हा तीन ही खालची हद्द आहे आणि कोडं तिला टेकलंय. साध्या ४×४ सुडोकूला, जिथे चौक आधीच आखलेले असतात, किमान चार आकडे लागतात. इथे तुकडे आखलेले नाहीत आणि तरी तीन पुरतात! (९×९ सुडोकूला किमान १७ लागतात. हे २०१२ मध्ये डब्लिनच्या गॅरी मॅग्वायर यांच्या गटाने संगणकावर प्रचंड शोध घेऊन दाखवलं.)

प्रोग्राम कसा केला तेही सांगतो, कारण आकार आणि आकडे यांच्या नात्याचं मूळ मला तिथे दिसतं. डोनाल्ड कनुथ यांनी २००० साली डान्सिंग लिंक्स नावाचं तंत्र मांडलं. त्यात प्रश्न असा असतो: काही अटी आहेत, काही पर्याय आहेत, प्रत्येक पर्याय काही अटी पूर्ण करतो. पर्याय असे निवडा की प्रत्येक अट नेमकी एकदाच पूर्ण होईल. बारा पेंटोमिनो ६×१० मध्ये बसवायचे तर अटी ७२: साठ घरं आणि बारा तुकडे. सुडोकूत अटी ३२४ आणि पर्याय ७२९. वरून इतकी वेगळी दिसणारी कोडी संगणकाला एकाच साच्यात दिसतात.

टीच्या कोड्यात अटी ४८: सोळा घरं, प्रत्येक आडव्या ओळीत प्रत्येक अंक या सोळा, आणि उभ्या ओळींच्या सोळा. टी ठेवायच्या जागा २४ आणि प्रत्येक जागी आकडे लिहायच्या २४ तऱ्हा, म्हणून पर्याय ५७६. (लॅटिन चौरसही ५७६, हा योगायोग.) प्रत्येक पर्याय १२ अटी पूर्ण करतो, चार टी मिळून ४८. एकच पर्याय आकार आणि आकडे दोन्ही एकदम ठरवतो.

रानवाटा

सगळ्यांचा उत्साह बघून बरं वाटलं, पण मला एक वेगळं मत नोंदवायचं आहे. सुडोकूचा नियम एका वाक्यात सांगता येतो, म्हणून माझी आई पंच्याहत्तरीतही रोज पेपरातलं सोडवते. हल्लीची मिश्र कोडी बघितली तर नियमांचाच अर्धा पानभर मजकूर असतो. बाण, पिंजरे, ठिपके, वर आकार. ते सोडवणाऱ्यांसाठी नसून रचणाऱ्यांसाठी असतं असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

गणितवेडी

रानवाटा, नियमांच्या गर्दीबद्दल पूर्ण सहमत. पण तो दोष मिश्रणाचा नाही. आकडे आणि आकार यांची सगळ्यात सुंदर जुळणी मला वाटतं आरमाराच्या कोड्यात आहे. १९८२ मध्ये अर्जेंटिनाच्या एका मासिकात ते आलं. चौकटीत जहाजं लपलेली आहेत, प्रत्येक ओळीच्या टोकाला त्या ओळीत जहाजांची किती घरं आहेत तेवढा आकडा, आणि जहाजं एकमेकांना कोपऱ्यानेही शिवत नाहीत. एवढेच नियम, तेही लहानपणी वहीच्या मागच्या पानावर जहाजांचा खेळ खेळलेल्या कुणालाही लगेच कळतात. निकोलीचं शिकाकू घ्या. चौकटीचे आयत पाडायचे, प्रत्येक आयतात एकच आकडा, आणि तो आकडा म्हणजे आयतातली घरं. एका ओळीत नियम संपला. आईंना शिकाकू नक्की देऊन बघा. पाढे येत असले की पुरतं.

रानवाटा

शिकाकूची छपाई काढून देते आईला. बारा आकडा असला की ३×४, २×६ की १×१२, असं बसून बघायला आवडेल तिला. हिशेबाच्या वह्या लिहिल्यात आयुष्यभर.

दुपारचा_चहा

फोनवर खेळणाऱ्यांसाठी: 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ऑगस्ट २०२५ मध्ये 'पिप्स' हा खेळ आणला, तो याच जातीचा. डोमिनोच्या सोंगट्या ठरावीक आकाराच्या पटावर बसवायच्या आणि रंगीत भागांवरच्या अटी पाळायच्या: इथे बेरीज इतकी, इथे सगळे ठिपके सारखे, इथे अमुकपेक्षा कमी. सोपा स्तर पाच मिनिटांत होतो. अवघड स्तरात मात्र सोंगटी कुठे बसते आणि बेरीज किती होते हे दोन्ही एकदम डोक्यात धरावं लागतं.

कोकणकडा

ज्यांना स्पर्धेत रस आहे त्यांच्यासाठी एक माहिती. जागतिक पझल स्पर्धा १९९२ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाली आणि सुडोकूची वेगळी जागतिक स्पर्धा २००६ मध्ये इटलीतल्या लुक्का इथे. २०१७ मध्ये दोन्ही आपल्याकडे बंगळुरूला झाल्या. भारतातल्या निवड फेऱ्या लॉजिक मास्टर्स इंडिया घेते. त्यांच्या संकेतस्थळावर जुन्या स्पर्धांचे संच आहेत आणि आकार-आकडे मिश्रणाची उत्तम कोडी त्यात सापडतात. नियमपुस्तिका आधी वाचायला मिळते, त्यामुळे नवख्या माणसालाही घाबरायचं कारण नाही.

पाटीपेन्सिल

गणितवेडी, तुमचं कोडं उद्या वर्गात नेतोय. टीचे पुठ्ठे आहेतच, त्यांवर पेन्सिलीने आकडे लिहायला लावीन, म्हणजे टी उचलला की त्याचे आकडेही सोबत येतील. कोपरा आणि शेंडी सारखी असते हे मी सांगणार नाही. कुणाला ना कुणाला दिसेलच. मुलांसाठी आणखी एक मिळेल का? यातली दिशा उलटी असेल तर बरं, म्हणजे पहिल्याची नक्कल चालणार नाही.

गणितवेडी

तुमच्या मुलांसाठी मनापासून. या वेळी कोपऱ्यात एकही आकडा नाही:

_ ४ _ _
_ १ _ _
_ _ २ _
_ _ _ _

नियम तेच, उत्तर एकच. दिशेबद्दल मी काही बोलत नाही, ती मुलांनीच काढावी. इथे उत्तर टाकणाऱ्यांनी नुसती भरलेली चौकट न टाकता कुठला टी आडवा, कुठला उभा आणि का, ते लिहा.

सांजवारा

पहिली पायरी माझी. वरचा डावा टी आडवा धरला तर १-४ मध्ये १ आणि ४-१ मध्ये २ येतो. वरच्या ओळीत २ आणि ३ राहतात. तिसऱ्या उभ्या ओळीत २ आहे म्हणून १-३ मध्ये ३, आणि २ जातो १-१ मध्ये. पण पहिल्या उभ्या ओळीत २ खाली आहेच. म्हणजे टी उभा. पुढचं मुलांना करू द्या, मी शाळा सुटेपर्यंत थांबते.